फ्रीमेसन म्हणजे नक्की काय असतं? लोकांनी विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं

मी फ्रीमेसन आहे, म्हणजे जुन्या गवंड्यांच्या (इंग्रजीत मेसन) गटांतून निघालेल्या एका बंधुमंडळाचा मेंबर, हे नातेवाइकांना कळल्यापासून लग्न असो, बारसं असो नाहीतर सोसायटीची मीटिंग, कोणीतरी मला कोपऱ्यात घेतंच आणि हळू आवाजात विचारतं, "काय रे, ते तुमचं नक्की काय चालतं?" तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं, आता कोणी विचारलं की हेच पाठवून देणार. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवलेत, आगाऊ होते तेही. आणि हे सगळं माझं मत आहे बरं का, कुठल्या लॉजचं अधिकृत वगैरे काही नाही.

दर महिन्याला लॉजवर जाता म्हणजे नक्की कुठे जाता?

हा प्रश्न सासूबाईंचा. त्यांचं चुकत नाही, आपल्याकडे लॉज म्हटलं की एसटी स्टँडसमोरची बोर्डिंग-लॉजिंगची पाटीच डोळ्यासमोर येते. आमच्या बायकोने लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी "हे लॉजवर गेलेत" असं फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे दोन मिनिटं कोणी बोललंच नाही म्हणे.

तर हा लॉज म्हणजे मूळचा गवंड्यांच्या साइटवरचा मांडव. युरोपात मोठमोठी चर्चं बांधायला चाळीस-चाळीस पन्नास-पन्नास वर्षं लागायची, तेव्हा दगड घडवणारे लोक भिंतीला टेकून एक शेड उभी करायचे, तिथे हत्यारं ठेवायची, पाऊस आला की तिथेच बसून दगड घडवायचे, भाकरी खायची, भांडायचं पण तिथेच. त्या शेडला लॉज म्हणायचे, मग हळूहळू त्या शेडमधल्या माणसांच्या गटालाच लॉज म्हणायला लागले. म्हणून आम्ही "लॉज भरला" म्हणतो, शाळा भरली तसं. इमारतीला हॉल म्हणतात. मुंबईत फोर्टमध्ये स्टर्लिंग सिनेमाजवळ जो फ्रीमेसन्स हॉल आहे तिथे बरेच लॉज वेगवेगळ्या दिवशी भरतात, एकाच शाळेत सकाळ-दुपारचे वर्ग असतात ना तसंच.

मग तुम्ही सगळे गवंडी आहात का?

नाही हो. आमच्यात डॉक्टर आहेत, सीए आहेत, मर्चंट नेव्हीवाले खूप आहेत, एक फरसाणवाले आहेत. दगड घडवता येणारा एकही नाही.

झालं काय की सोळाव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमध्ये विल्यम शॉ नावाचा राजाचा बांधकाम अधिकारी होता, त्याने १५९८ आणि १५९९ ला गवंड्यांच्या लॉजसाठी लेखी नियम काढले, म्हणजे शिकाऊ किती वर्षं ठेवायचा, कोणाला काम द्यायचं, वहीत नोंद कशी करायची वगैरे. एडिनबराच्या लॉजचं इतिवृत्त १५९९ पासूनचं आहे. पुढच्या शंभर वर्षांत त्या लॉजमध्ये गवंडी नसलेले लोक शिरायला लागले, जमीनदार, वकील, हौशी विद्वान. इंग्लंडमधला इलायस अ‍ॅशमोल १६४६ ला वॉरिंग्टन गावी मेसन झाला हे त्याने स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलंय, आणि तो काही दगड फोडत नव्हता. लोकांना तिथे काय आवडलं असेल ते मला तरी समजतं, बाहेर राजा विरुद्ध पार्लमेंट, कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट अशी कापाकापी चाललेली आणि इथे एक खोली जिथे तो विषय काढायचाच नाही. हळूहळू गवंडी कमी झाले, हौशी वाढले आणि हत्यारं राहिली फक्त अर्थ सांगायला.

सोलोमन राजापासून चालत आलंय म्हणतात ते खरं का?

नाही. ती आमची दंतकथा आहे, आणि दंतकथा म्हणून मला फार आवडते. जेरुसलेमच्या मंदिराचा मुख्य कारागीर हिराम याची गोष्ट तिसऱ्या पायरीला सांगतात, तो दिलेला शब्द मोडत नाही आणि जिवाला मुकतो. पण गोष्ट वेगळी आणि इतिहास वेगळा. कागदोपत्री सांगायचं तर २४ जून १७१७ ला लंडनमध्ये सेंट पॉल चर्चजवळच्या एका दारूच्या गुत्त्यात (गुत्त्याचं नाव गूज अँड ग्रिडायरन, म्हणजे बदक आणि शेगडी!) चार लॉज एकत्र आले आणि पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे बऱ्याच लॉजची मिळून वरची संस्था, झालं असं मानतात. आता काही इतिहासकार म्हणतात १७१७ नाही, १७२१, आणि त्यावर आमच्यातले म्हातारे लोक जेवणात अजून भांडतात. १७२३ ला जेम्स अँडरसनने नियमांचं पुस्तक छापलं. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे माणूस कोणत्याही पंथाचा असो, चांगला आणि खरा असला म्हणजे झालं, हे लिहून ठेवलं. त्या काळात हे छापायला छाती लागत होती.

ती त्रिकोणासारखी खूण असते गाडीवर, तिचा अर्थ काय?

त्रिकोण नाही तो, खाली गुण्या आहे आणि वर कंपास. आपल्या साइटवर गवंडी भिंतीचा कोपरा बघायला लावतो तो गुण्या. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात आहे का ते बघा. कंपास म्हणजे स्वतःच्या हावेभोवती एक वर्तुळ आखून घ्या आणि त्याच्या बाहेर जाऊ नका.

ही हत्यारांची भाषा मला सगळ्यात जवळची वाटते त्यामुळे जरा जास्त लिहितो. तीन पायऱ्या असतात: शिकाऊ, मग जोडकारागीर, मग मास्टर मेसन. शिकाऊला पहिल्यांदा काय देतात तर चोवीस इंची पट्टी, हातोडा आणि छिन्नी. पट्टीचे चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास, त्यातले काही देवाला, काही कामाला आणि पोटापाण्याला, काही अडलेल्या मित्राला. ऐकायला किती शाळकरी वाटतं ना? मी पण पहिल्या दिवशी मनात हसलो होतो. पण त्याच आठवड्यात हिशोब करून बघितला तर मित्राच्या वाट्याला आठवड्यात मिळून पाव इंच पण येत नव्हता, मोबाईलच्या वाट्याला सहा.

दुसऱ्या पायरीला गुण्या, पाणसळ आणि ओळंबा. ओळंबा म्हणजे सरळ उभं राहा, कोणाकडे झुकू नका. पाणसळ म्हणजे सगळे एका लेव्हलला. लॉजच्या आत आडनाव, पगार, हुद्दा चालत नाही, सगळे "ब्रदर". आमच्याकडे एका वर्षी एक निवृत्त मोठे साहेब दाराबाहेर तलवार घेऊन राखणीला उभे होते (त्या पदाला टायलर म्हणतात) आणि आत मुख्य खुर्चीवर इलेक्ट्रिकच्या दुकानाचे मालक. खुर्ची दर वर्षी बदलते, आणि जो काल मास्टर होता तो उद्या दारावर उभा राहू शकतो. माणसाची हवा काढायचा याच्यापेक्षा सोपा उपाय मी तरी बघितला नाही.

शिवाय लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात, एक ओबडधोबड आणि एक घडीव. ओबडधोबड म्हणजे आपण, घडीव म्हणजे व्हायचं ते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण आजीकडून इतक्या वेळा ऐकली होती की तो दगड बघितल्यावर इंग्रजीतलं भाषण ऐकायची गरजच पडली नाही.

देव मानावा लागतो का? का हा वेगळा धर्म आहे?

देव मानावा लागतो, कोणता ते विचारत नाहीत. विश्वाचा महान शिल्पकार असं म्हणतात, त्यात तुम्ही विठोबा बघा नाहीतर अल्ला. नास्तिकाला आमच्याकडे घेत नाहीत. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने (तिथलं ग्रँड लॉजच ते) १८७७ ला ही अट काढून टाकली आणि इंग्लंडवाल्यांनी त्यांच्याशी संबंध तोडले, अजून जोडले नाहीत.

भारतातली खास गोष्ट म्हणजे इथे टेबलावर एकच पोथी नसते. गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथसाहिब, अवेस्ता शेजारी शेजारी उघडून ठेवतात आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. धर्म मात्र नाही हा. मोक्ष नाही, पूजा नाही, मेल्यानंतर काय होतं ते सांगत नाहीत. आणि लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यावर चर्चा करायला सक्त मनाई. फॅमिलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा नियम आणायचा मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मलाच ग्रुपमधून काढलं.

आत नक्की काय करता? बोकड कापता म्हणे?

बोकड फक्त जेवणात, तेही मेनूत असला तर.

बहुतेक वेळ मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचणं, हिशोब, आजारी कोण आहे, कोणाच्या विधवेला मदत पाठवायची यात जातो. खरं सांगायचं तर सोसायटीच्या मीटिंगसारखंच, फक्त काळा सूट आणि ॲप्रन घालून आणि कोणी पार्किंगवरून ओरडत नाही. नवा माणूस घ्यायचा असला की विधी असतो, तो पाठ म्हणावा लागतो. पानंच्या पानं इंग्रजी पाठ करायचं, माझे तर दहावीनंतर पहिल्यांदा पाठांतराचे हाल झाले.

विधीतला एक भाग सांगतो, तो केव्हाच छापून आलेला आहे. नव्या माणसाच्या अंगावरचं सगळं धातूचं काढून घेतात. पैसे, अंगठी, घड्याळ, चेन, सगळं. डोळ्याला पट्टी, एक पँट गुडघ्यापर्यंत वर. मग विधीच्या शेवटी शेवटी सगळ्यांसमोर त्याला म्हणतात की गरिबांसाठी काहीतरी दे. तो खिसे चाचपतो, काहीच नाही. मग सांगतात, ही जी लाज आत्ता वाटली ती लक्षात ठेव, पुढे कोणी हात पसरला की आठव. मी पन्नाशीला आलेला माणूस, ईएमआय बिएमआय फेडून सुखी झालेला, आणि तिथे उभा असताना घशात आवंढा आला. त्याआधी शेवटचं कधी खिशात काहीच नव्हतं ते आठवायला मला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपर्यंत मागे जावं लागलं.

मग एवढं गुपित कशाचं?

ओळखायच्या खुणांचं. हात मिळवायची पद्धत, परवलीचे शब्द. पूर्वी गवंडी एका गावाहून दुसऱ्या गावी कामाला जायचा तेव्हा त्याच्याकडे आधार कार्ड नव्हतं, त्याला खरंच काम येतं हे कसं कळणार, म्हणून खूण. आता ती फक्त परंपरा. बाकी विधीचा बराचसा मजकूर १७३० ला लंडनमध्ये एका फुटलेल्या मेंबरने पुस्तक काढून छापला, ते धडाधड खपलं, म्हणजे गुपित फुटून तीनशे वर्षं होत आली. तरी आम्ही खुणा सांगत नाही. का, तर शब्द दिलाय म्हणून. गुपितात दम असो नसो, शब्द पाळता येतो का एवढंच बघायचंय.

आमचे आजोबा त्या हॉलला जादूघर म्हणायचे, का?

सगळ्या हिंदुस्थानात म्हणायचे. साहेब लोक संध्याकाळी ॲप्रन घालून आत जातात, दार बंद, बाहेर तलवारवाला, आत ठोके वाजतात, रात्री सगळे हसत बाहेर येतात. बाहेरच्या शिपायाला आणि टांगेवाल्याला दुसरं काय वाटणार? भूत उतरवतात असंच. बंद दाराची किंमत असते ही, ती आम्हाला मोजावी लागते आणि मला ती तक्रार पटते पण.

इलुमिनाटी, डॉलरवरचा डोळा, जगावर राज्य?

इलुमिनाटी म्हणजे वेगळेच गुप्त मंडळवाले, जर्मनीतल्या बव्हेरियात अ‍ॅडम वाइसहाउप्ट नावाच्या प्रोफेसरने १ मे १७७६ ला काढले आणि दहा वर्षांच्या आत सरकारने बंद पाडले. डॉलरवरचा डोळा १७८२ च्या अमेरिकन राजमुद्रेतला, नोटेवर आला १९३५ ला. आणि जगावर राज्य म्हणाल तर आमच्या लॉजला हॉलचा एसी दुरुस्त करून घ्यायला चौदा महिने लागले.

एक धमाल गोष्ट मात्र आहे. लिओ टॅक्सिल नावाच्या फ्रेंच माणसाने बारा वर्षं मेसन लोक सैतानाची पूजा करतात अशी पुस्तकं लिहून भरपूर कमावलं आणि १८९७ ला पॅरिसमध्ये भर सभेत उभं राहून सांगितलं की सगळं मी मनचं लिहिलं. लोक चिडले, पण गोष्टी काही थांबल्या नाहीत, त्याच्याच थापा आजही फॉरवर्ड होऊन माझ्या फोनवर येतात.

पण एकमेकांची कामं तर करून देता ना?

हा प्रश्न मी टाळणार नाही कारण हा सगळ्यात रास्त आहे. नियम असा आहे की मेसन असल्याचा धंद्यात फायदा घ्यायचा नाही, आणि कायदा आधी, भाऊबंदकी नंतर. नियम पाळणारे आहेत, न पाळणारे पण झालेत. अमेरिकेत १८२६ ला विल्यम मॉर्गन नावाचा माणूस मेसन लोकांची गुपितं छापणार होता, त्याला पळवून नेलं आणि तो परत कधीच दिसला नाही, पळवणाऱ्यांना शिक्षा मामुली झाल्या. लोक इतके भडकले की मेसनविरोधी पक्षच निघाला. इटलीत पी-टू नावाच्या लॉजची यादी १९८१ ला पोलिसांच्या हाती लागली, तिच्यात ९६२ नावं, मंत्री, सेनाधिकारी, पत्रकार, आणि सरकार पडलं. इटलीच्या ग्रँड ओरिएंटने त्या लॉजला आधीच बाजूला केलं होतं हे खरं, पण बंद खोलीत मोठी माणसं बसली की काय होऊ शकतं ते पण खरंच.

उलटं पण झालंय. हिटलरने, फ्रँकोने मेसन लोकांना तुरुंगात घातलं. सालाझारच्या पोर्तुगालमध्ये १९३५ ला गुप्त संघटनांवर बंदीचा कायदा आला, आणि गोवा तेव्हा त्यांच्याच ताब्यात होता. हुकूमशहाला ज्या खोलीत आपला माणूस नाही ती खोली सहन होत नाही.

भारतात कधी आलं? आणि आपल्या लोकांना घेत होते का?

कलकत्त्याला १७३० ला, मुंबईत १७५८ ला. घेत होते का? इथे गंमत आहे. गंमत कसली, लाजच आहे.

सगळे एका लेव्हलला म्हणणाऱ्या लोकांनी शंभर वर्षं नेटिव्ह माणसाला जवळपास दारातच उभं केलं. अर्काटच्या नवाबाचा मुलगा १७७० च्या दशकात मेसन झाला, पण तो नवाबाचा मुलगा. मुंबईत माणकजी कर्सेटजी म्हणून पारशी गृहस्थ होते, पुढे स्मॉल कॉज कोर्टाचे जज झाले, मुलींची शाळा काढली. भायखळ्याचा खडा पारशी माहितीय ना, तो पुतळा त्यांच्या वडिलांचा, यांनीच उभारलेला. तर या माणकजींना मुंबईतल्या लॉजने घेतलं नाही, हा पठ्ठ्या युरोपला गेला आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये मेसन होऊन परत आला! मग इथल्यांची पंचाईत, की आता तो ब्रदर तर आहे पण शेजारी बसवायचं कसं. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने पुढाकार घेऊन डिसेंबर १८४३ ला मुंबईत रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हा लॉज काढला, त्यात भारतीयांना प्रवेश. (या बर्न्सचा सख्खा भाऊ अलेक्झांडर दोनच वर्षांपूर्वी काबूलमध्ये जमावाने मारला होता. तरी या माणसाने हे केलं, हे मला विशेष वाटतं.) पुढे खुर्शेदजी कामा, फिरोजशहा मेहता हे सगळे मेसन. दादाभाई नौरोजी लंडनमध्ये झाले.

हिंदूंचं आणखी अवघड. इंग्रजांचं म्हणणं, यांना देव अनेक, मग शपथ कोणाची घेणार, आणि जे स्वतः जात पाळतात ते आम्हाला भाऊ कसे मानणार. दुसरा मुद्दा मला टोचतो कारण त्यात तथ्य होतं. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त जवळपास नऊ वर्षं भांडले आणि १८७२ ला अँकर अँड होप लॉजमध्ये त्यांना प्रवेश मिळाला. बारा वर्षांनी, १८८४ ला, त्याच लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा आला, तोच पुढे स्वामी विवेकानंद.

जंगल बुक लिहिणारा किपलिंग पण मेसन, मुंबईत जन्मलेला, १८८६ ला लाहोरला झाला. वय कमी होतं, वीसच, पण त्यांना सेक्रेटरी हवा होता म्हणून खास परवानगी काढली. त्याने आपल्या लॉजवर एक कविता लिहिलीय, त्यात तो सांगतो की आमच्यात सगळ्या धर्मांचे लोक होते पण आम्ही मेजवानी करायला धजत नव्हतो, न जाणो कोणाची जात बाटेल. साम्राज्याचा भाट होता तो, पण ही ओळ मला विसरता येत नाही. शपथ एकत्र घेता येते, ताट एकत्र मांडता येत नाही.

म्हणून आमच्याकडे मीटिंगनंतर जे जेवण असतं, फेस्टिव्ह बोर्ड म्हणतात, ते मला विधीइतकंच मोठं वाटतं. १९६१ च्या २४ नोव्हेंबरला दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया झालं, रामपूरचे नवाब पहिले ग्रँड मास्टर. तेव्हापासून बहुतेक लॉज त्याच्याखाली आहेत, काही जुने अजून इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडशी जोडलेले. पण माझ्या दृष्टीने खरा बदल म्हणजे धानसाक, वरणभात आणि बिर्याणी एका टेबलावर आली आणि कोणी वर मान करून बघत नाही.

आपल्या मराठी लोकांत असलं काही नव्हतं?

होतं की! आणि जास्त धीट. परमहंस सभा, मुंबई, १८४९. दादोबा पांडुरंग (व्याकरणवाले), राम बाळकृष्ण जयकर ही मंडळी. पूर्ण गुप्त. आत जायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. बघा म्हणजे, इंग्रजांच्या लॉजला जे जमत नव्हतं ते यांनी थेट प्रवेशपरीक्षा करून टाकलं. आमच्याकडे धातू काढून घेतात, यांनी जातच काढून घेतली. १८६० च्या सुमारास कोणीतरी मेंबरांची यादी पळवली, नावं बाहेर आली, आणि सभा मोडली. कारण बाहेर पडल्यावर घर होतं, मुलींची लग्नं होती, वाळीत पडायची भीती होती. त्यातलेच काही पुढे १८६७ ला उघडपणे प्रार्थना समाजात आले. आणि हे दूरचं समजू नका, १८९० ला पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये नुसता चहा प्यायला म्हणून टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचं प्रकरण गेलं होतं. आमच्या गुपिताला गंमत म्हणायला हरकत नाही, त्यांच्या गुपितावर पोटपाणी लटकलं होतं.

बायकांना का घेत नाही?

नियम आहे म्हणून. कारण विचाराल तर जुन्या गवंड्यांत बायका नव्हत्या म्हणून, आणि हे कारण मला पटत नाही, कारण गवंडी तर आता पण नाहीत. फ्रान्समध्ये १८९३ ला स्त्री-पुरुष दोघांचं मिश्र मेसनरी सुरू झालं, अ‍ॅनी बेझंट १९०२ ला त्यात आल्या. इंग्लंडमध्ये बायकांचे स्वतंत्र ग्रँड लॉज शंभर वर्षांहून जुने आहेत. आमच्या बायकोला विचारलं तर म्हणाली महिन्यातून एक संध्याकाळ घर शांत असतं, माझं काही म्हणणं नाही.

रोटरी, लायन्ससारखंच ना पण?

ते सेवेसाठी एकत्र येतात आणि त्यातून दोस्ती होते, आमचं उलटं. लायन्स सुरू करणारे मेल्विन जोन्स स्वतः मेसन होते. दानधर्म आमच्यात पण असतो, कोइम्बतूरला मुलांचं हॉस्पिटल आहे, दिल्लीत शाळा आहे, अमेरिकेत श्रायनर्सची (मेसन लोकांचीच एक संस्था) मुलांची हॉस्पिटलं १९२२ पासून चालू आहेत. पण त्याचे फोटो काढून टाकायची आमच्यात फार सवय नाही. हल्ली ती पण लागायला लागलीय म्हणा.

जॉइन कसं व्हायचं? फी किती?

वय एकवीस पूर्ण, देवावर विश्वास, ओळखीचा एक मेसन. आम्ही कोणाला बोलवत नाही, विचारणाऱ्याने विचारायचं. मग लोक घरी येऊन भेटतात, घरच्यांशी बोलतात, आणि मग मतदान, पांढरे आणि काळे गोळे डब्यात टाकून. काळा पडला तर कोणी टाकला ते कळत नाही आणि विचारायचं पण नाही. फी लॉजप्रमाणे वेगळी.

आणि हे महत्त्वाचं: फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी "मेसन व्हा, करोडपती व्हा, आधी एवढे पैसे भरा" म्हणाला तर तो चोर आहे. सरळ ब्लॉक करा. इथे येऊन पैसे जातातच, येत नाहीत.

सोडता येतं का? का जिवावर बेततं?

राजीनाम्याचं पत्र द्यायचं, वर्गणीची बाकी भरायची, झालं. जिम सोडण्यापेक्षा सोपं आहे.

आम्ही खरे गवंडी, आम्हाला घेता का?

हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आला. घरात बाथरूमचं काम चाललं होतं, लातूरकडचे एक मिस्त्री होते, पंचावन्नच्या पुढचे. दुपारी चहा घेताना त्यांची नजर भिंतीवरच्या माझ्या पितळी पट्टीवर गेली, गुण्या आणि कंपास. म्हणाले, "साहेब, तुमच्या घरात आमचा गुण्या कसा?" मग मी सगळं सांगितलं, ओळंबा, पाणसळ, छिन्नी, ते मन लावून ऐकत होते, मधेमधे "बराबर" म्हणत होते. मग विचारलं, आम्हाला घेता का.

नियमाने कुठेच मनाई नाही. पण विधी इंग्रजीत, सूट पाहिजे, वर्गणी पाहिजे, ओळखीचा माणूस पाहिजे, आणि संध्याकाळी सहाला फोर्टात पोचायचं तर अर्धा खाडा पडतो. म्हणजे नाहीच की. मी काय उत्तर दिलं ते नीट आठवत पण नाही, काहीतरी "बघू, विचारतो" असं पुटपुटलो.

ते उठले, पिशवीतून आपला गुण्या काढला, लोखंडी, कडा घासून गुळगुळीत झालेल्या, आणि माझ्या पट्टीवरच्या गुण्याला लावून बघितला. एका बाजूला चांगली बोटभर फट. "साहेब," म्हणाले, "ह्यो काटकोनात न्हाई." आणि कप खाली ठेवून परत टाइल लावायला गेले.